सौंदर्योपचारांत चेहरा भाजला तर भरपाई मिळते, पण कागद हातात हवेत

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की सांगली-मिरजेच्या रस्त्यांवर लग्नसराईचे फलक चढू लागतात, आणि गेल्या काही वर्षांपासून त्यांत मंगल कार्यालये व मेंदीवाल्यांच्या बरोबरीने ‘स्किन अँड लेझर सेंटर’च्या जाहिरातीही ठळकपणे दिसतात. केमिकल पील (आम्लाने त्वचेचा वरचा थर काढणे), लेझरने केस काढणे, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणे), गोरेपणाची इंजेक्शने या गोष्टी आता ‘ब्रायडल पॅकेज’मध्ये मेकअपच्या शेजारी छापलेल्या असतात, आणि तशा छापल्यामुळेच त्या मेकअपइतक्या निरुपद्रवी वाटतात. या उपचारांतील निष्काळजीपणामुळे चेहरा भाजला, व्रण पडले किंवा काळे चट्टे राहिले, तर कायद्याने नुकसानभरपाई मागता येते. ती कशी मागावी आणि आपल्याकडच्या मुली बहुतेक वेळा ती का मागत नाहीत, याविषयी माझ्या घरातील अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. कायद्याचे वा वैद्यकाचे शिक्षण मला नाही. पुढे जे लिहिले आहे ते मुलीसाठी वकिलांकडे, त्वचारोगतज्ज्ञांकडे आणि ग्राहक आयोगाच्या कचेरीत घातलेल्या खेपांतून मला कळलेले आहे. आमची तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे प्रलंबित असल्यामुळे संबंधित केंद्राचे नाव व ठिकाण मी लिहीत नाही, आणि आपणही ते विचारू नये, ही विनंती.

माझ्या धाकट्या मुलीचे लग्न मे २०२४ मध्ये ठरले होते. तिच्या दोन्ही गालांवर वांग होता. तो फारसा नव्हता, परंतु लग्नाच्या फोटोंत दिसेल अशी तिला काळजी होती. फेब्रुवारीत तिने शहरातील एका केंद्रात केमिकल पीलच्या सहा बैठकांचे १८,००० रुपयांचे पॅकेज घेतले. फलकावर एका डॉक्टरांचे नाव होते, नोंदणी क्रमांक मात्र नव्हता, आणि तीन बैठकांत ते डॉक्टर तिला एकदाही भेटले नाहीत. चेहऱ्याला औषध लावणारी मुलगी पांढरा ॲप्रन घालत असे. कोणते आम्ल लावत आहोत, किती टक्क्यांचे आणि किती मिनिटे ठेवणार, यांपैकी काहीही सांगण्यात आले नाही. तिसऱ्या बैठकीत “खूप आग होतेय” असे मुलगी दोनदा म्हणाली. त्यावर “थोडी होतेच, सहन करा” असे उत्तर मिळाले. रात्रीपर्यंत उजव्या गालावर आणि जबड्याच्या कडेला फोड आले. दुसऱ्या दिवशी केंद्राने लेबल नसलेल्या डबीतून एक मलम दिले. ते लावून लाली उतरली, पण तीन आठवड्यांत त्या जागी काळपट चट्टे उमटले आणि त्यांतील दोन ठिकाणी कातडी आत ओढली गेली.

ज्या मुलीने ते आम्ल लावले तिच्याविषयी माझ्या मनात राग नाही. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची ती मुलगी होती, आणि जे काम तिला कोणी नीट शिकवले नाही ते तिच्याकडून करवून घेतले जात होते. जबाबदारी पैसे घेणाऱ्याची आणि फलकावर नाव लावणाऱ्याची आहे.

यानंतरची चूक माझी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पत्राला अर्थ नाही. लग्न दीड महिन्यावर आले होते. “गाजावाजा नको, सासरच्यांच्या कानावर जायला नको, लग्न होऊ दे, मग बघू,” असे मीच मुलीला सांगितले. फोड आलेले असताना मी तिचे फोटो काढू दिले नाहीत, शासकीय रुग्णालयात नेले नाही, केंद्राकडून कागद मागितले नाहीत. लग्न झाले, जावई आणि विहीणबाई समंजस निघाले आणि त्यांनीच पुढे होऊन उपचारांची चौकशी केली. ज्या भीतीपोटी मी गप्प बसले ती भीती खोटी ठरली, पण तोवर सहा महिने गेले होते आणि त्या सहा महिन्यांत जो पुरावा सहज हाताशी होता तो कायमचा हातचा गेला. आज आयोगापुढे केंद्राचे म्हणणे असे आहे की फोड आमच्याकडे आलेच नाहीत, मुलगी लग्नाच्या खरेदीसाठी उन्हात फिरली असेल. पहिल्या बैठकीपूर्वी केंद्राने स्वतःच्या मोबाइलवर तिच्या चेहऱ्याचे फोटो घेतले होते. ते फोटो आता ‘उपलब्ध नाहीत’.

मिरजेतील ज्या त्वचारोगतज्ज्ञांनी नंतर तिच्यावर उपचार केले, त्यांनी मला हा विषय शाळकरी मुलाला सांगावा तसा समजावून सांगितला. पील म्हणजे त्वचेचा वरचा थर आम्लाने ठरवून काढणे. आम्ल किती खोल जाईल हे त्याचे प्रमाण, त्याचा आम्लांक (पीएच) आणि ते चेहऱ्यावर राहिलेला वेळ यांवर ठरते. ग्लायकोलिक आम्ल लावले तर ठरलेल्या मिनिटांनंतर ते खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने किंवा भरपूर पाण्याने निष्प्रभ करावे लागते. घड्याळ न पाहता दुसऱ्या ग्राहकाकडे गेलेल्या माणसाच्या हातून ते पाच मिनिटे जास्त राहिले तर हलक्या पीलचे खोल भाजणे होते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी अधिक तत्पर असतात, त्यामुळे भाजलेल्या किंवा सुजलेल्या जागी काळेपणा उरण्याचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असतो. म्हणूनच आधी कानामागे थोडेसे लावून पाहणे, कमी प्रमाणापासून सुरुवात करणे, दोन बैठकांत पुरेसे अंतर ठेवणे, आणि रुग्ण कोणती औषधे घेतो, त्याला पूर्वी व्रण वाढण्याचा त्रास झाला आहे का, ओठांवर नागीण येते का, हे विचारणे आवश्यक असते. माझ्या मुलीला यांतील एकही प्रश्न विचारला गेला नव्हता.

लेझरचेही तसेच. केस काढण्याच्या लेझरचा प्रकाश केसातील काळे रंगद्रव्य शोषून घेते आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ जळते. पण तेच रंगद्रव्य कातडीतही असते, आणि उन्हाने रापलेल्या कातडीत ते अधिक असते. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत छाटणी आणि विरळणीला जाणारी मुलगी सुट्टीच्या दिवशी लेझर करायला आली, तर यंत्राची शक्ती, प्रकाशाचा प्रकार आणि कातडी थंड ठेवण्याची व्यवस्था तिच्या कातडीप्रमाणे बदलावी लागते. सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित मानले जाते, कारण ते वरच्या थरातील रंगद्रव्यात कमी शोषले जाते. एकच यंत्र एकाच आकड्यावर ठेवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर चालवणे हा निष्काळजीपणा आहे, आणि तो कागदावर सिद्ध करता येतो, जर प्रत्येक बैठकीचा आकडा कुठे तरी लिहून ठेवलेला असेल.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. उपचाराचा परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असे कायदा मानत नाही आणि मानू नये. उत्तम डॉक्टरने सर्व काळजी घेऊनही एखाद्याच्या चेहऱ्यावर काळेपणा राहू शकतो. त्या क्षेत्रातील सर्वसाधारण कुशल माणसाने जी काळजी घेतली असती ती येथे घेतली गेली का, असा प्रश्न न्यायालये विचारतात. डॉक्टरांवर फौजदारी खटला भरण्यासाठी निष्काळजीपणा फार गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितले. भरपाईसाठी मात्र तेवढी कडक कसोटी नाही. शिवाय प्रत्येक ग्राहक तक्रारीत तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष आणलीच पाहिजे असे नाही, चूक उघड दिसत असेल तर आयोग स्वतः निष्कर्ष काढू शकतो, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. तरीसुद्धा दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाचे लेखी मत जोडलेले असेल तर तक्रारीला बळ येते, आणि असे मत लिहून द्यायला अनेक डॉक्टर कचरतात, हा आमचा अनुभव आहे. आमच्या डॉक्टरांनी ते दिले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

केंद्राच्या वकिलांनी आमच्यापुढे सर्वांत आधी ठेवला तो संमतिपत्राचा कागद. पहिल्या दिवशी मुलीची त्यावर सही घेतली होती. तो एक पानाचा, इंग्रजीत छापलेला मजकूर होता, आणि कोणत्याही दुष्परिणामास केंद्र जबाबदार राहणार नाही, एवढाच त्याचा सार होता. सही केली म्हणजे सगळे संपले, असे समजून कित्येक कुटुंबे तिथेच थांबत असतील. आम्हीही थांबलो असतो. परंतु उपचाराचे स्वरूप, त्यातील मोठे धोके, त्याचे फायदे आणि दुसरे पर्याय सांगून मग घेतलेली संमती हीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात म्हटले आहे. जे धोके सांगितलेच नाहीत त्यांना मुलीने संमती दिली, असे कसे म्हणता येईल? आणि सांगितलेला धोका स्वीकारणे वेगळे, समोरच्याच्या हलगर्जीपणाला माफी देणे वेगळे. छापील कागदावरची सही निष्काळजीपणाला संरक्षण देत नाही.

आता आयोगाविषयी. पैसे घेऊन केलेले वैद्यकीय उपचार ही ग्राहक कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ठरवले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू झाल्यावर, नव्या कायद्यात डॉक्टर येत नाहीत, असा युक्तिवाद पुढे आला. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. आमच्या नोटिशीला केंद्राकडून आलेल्या उत्तरातही हाच जुना मुद्दा होता, म्हणून मुद्दाम लिहिले. केंद्र डॉक्टरचे नसून ब्यूटी पार्लर असेल तरी फरक पडत नाही. सेवेतील निष्काळजीपणा आणि ग्राहकाला आवश्यक ती माहिती मुद्दाम न देणे या दोन्ही गोष्टी नव्या कायद्यात ‘सेवेतील त्रुटी’च्या व्याख्येत स्पष्टपणे घातलेल्या आहेत.

तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. उशिराचे सबळ कारण दिले तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते, आणि ती रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच नाही. येथे पुष्कळ जणांचा गैरसमज होतो, म्हणून पुन्हा सांगते. शुल्क ठरते ते आपण केंद्राला दिलेल्या पैशांवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. आमच्या मुलीने १८,००० रुपये दिले आणि ६ लाखांची भरपाई मागितली, शुल्क शून्य. सांगली जिल्ह्यातील पुष्कळ मुली लेझरसाठी पुण्या-मुंबईला किंवा कोल्हापूरला जातात आणि काही बिघडले तर तिथे जाऊन कोर्टकचेऱ्या कोण करणार म्हणून सोडून देतात. नव्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातील केंद्राविरुद्धची तक्रार सांगलीत चालू शकते. वकील देणे सक्तीचे नाही. वकील हवा आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते आणि प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिली आहे. आमची तक्रार डिसेंबर २०२४ मध्ये दाखल झाली आणि अजून पुराव्याच्या टप्प्यावर आहे. तारखा पडतात, मुलीला दर वेळी कुपवाडच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागते. जाबदारांना (म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना) लेखी म्हणणे मांडायला ३० दिवस आणि जास्तीत जास्त आणखी १५ दिवस मिळतात, त्यापलीकडे मुदत देता येत नाही, एवढा कडक नियम त्या एका टप्प्यापुरता आहे. पुढच्या टप्प्यांवर तसा धाक राहत नाही, ही माझी तक्रार आहे.

परंतु विलंबापेक्षाही आम्हाला अधिक त्रास झाला तो कागदांच्या अभावाचा. १८,००० रुपयांपैकी १२,००० मुलीने दोन वेळा मोबाइलवरून भरले, त्याची नोंद बँकेत आहे. उरलेले ६,००० रोख दिले, त्याबद्दल ‘स्किन केअर’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी मिळाली, तीवर ना केंद्राचे नाव, ना तारीख. जाबदार आता म्हणतात की ते पैसे आम्हाला मिळालेच नाहीत. सेवेची पावती न देणे ही २०१९ च्या कायद्यानुसार स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला तेव्हा ठाऊक असते तर मी तिथेच उभी राहून पावती घेतली असती. डॉक्टरकडे उपचाराची कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत नियम आहे. आम्ही सहा महिन्यांनी पत्र पाठवले तेव्हा “फाइल मुख्य कार्यालयात आहे” असे तोंडी उत्तर आले. हीच मागणी दुसऱ्या दिवशी, पोचपावती घेऊन केली असती तर फाइल त्याच टेबलावर असती.

भरपाईची रक्कम ही दुःख किती मोठे आहे हे सांगून मिळत नाही. दिल्लीतील एका हॉटेलच्या सलूनमध्ये चुकीचे केस कापल्याबद्दल राष्ट्रीय आयोगाने दिलेली २ कोटी रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये रद्द केली आणि रकमेला पुराव्याचा आधार हवा म्हणून प्रकरण परत पाठवले. तेव्हा भाजल्यानंतरच्या उपचारांची बिले, औषधांच्या पावत्या, मिरज-पुण्याच्या प्रवासाची तिकिटे, बिनपगारी रजेचा कार्यालयाचा दाखला, पुढे किती बैठका व किती खर्च लागेल याचे डॉक्टरांचे लेखी अनुमान, आणि पहिल्या दिवसापासून ठरावीक अंतराने, एकाच प्रकाशात काढलेले चेहऱ्याचे फोटो, यांची एक फाइल करावी. मुलीच्या नंतरच्या उपचारांवर आतापर्यंत ४६,००० रुपये खर्च झाले; त्यांपैकी ३१,००० रुपयांचीच बिले आमच्याकडे आहेत. १९ दिवसांच्या बिनपगारी रजेचा दाखला कारखान्याने लगेच दिला. पॅकेजचे पैसे परत, झालेला व पुढचा खर्च, बुडालेला पगार, शारीरिक व मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च अशा स्वतंत्र शीर्षकांखाली मागणी लिहावी, असे आमच्या वकीलबाईंनी सांगितले आणि ते मला पटले. एकदम एकच मोठा आकडा लिहिला तर तो कशातून आला हे कोणालाच सांगता येत नाही.

नोटीस गेल्यावर दहा दिवसांत केंद्राकडून तडजोडीचा निरोप आला : २५,००० रुपये आणि ‘डाग घालवण्यासाठी’ सहा लेझर बैठका मोफत. सोबतच्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम समझोता’ आणि ‘याविषयी कोठेही वाच्यता करणार नाही’ अशी वाक्ये होती. तडजोड वाईट असते असे मी म्हणत नाही. आयोगातही मध्यस्थीची सोय आहे, आणि वाजवी रक्कम, पुढील उपचारांचा खर्च धरून, मिळत असेल तर वर्षानुवर्षांच्या तारखांपेक्षा ती बरी. पण ज्या हातांनी चेहरा भाजला त्याच हातांत तो पुन्हा देणे, आणि डाग राहणार की जाणार हे ठरण्यापूर्वीच अंतिम समझोत्यावर सही करणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

कोणत्या कार्यालयात गेल्याने काय मिळते, याबाबतही लोकांत गोंधळ आहे. आम्ही स्वतः दोन महिने चुकीच्या दारांत उभे होतो. महाराष्ट्र वैद्यक परिषद नोंदणीकृत डॉक्टरची चौकशी करून त्याला समज देऊ शकते, त्याची नोंदणी काही काळ वा कायमची रद्द करू शकते. पण ती भरपाई देत नाही. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तक्रार होऊ शकते, आणि चेहरा कायमचा विद्रूप होणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. पण डॉक्टर असेल तर पोलीस आधी तज्ज्ञांचे मत मागतात, आणि तिथेही शिक्षा हा विषय असतो. उपचार करणारा माणूस डॉक्टरच नसेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एखाद्याने आपल्या पात्रतेबाहेरच्या पद्धतीचे उपचार करणे हाच मुळात निष्काळजीपणा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईतील एका प्रकरणात म्हटले आणि ३ लाख रुपयांची भरपाई दिली, हेही येथे लक्षात घ्यावे. भरपाईसाठी ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय हीच दारे आहेत. इतर दारे ठोठावू नयेत असे नाही, पण त्यांत दोन वर्षांची मुदत संपू देऊ नये.

लेबल नसलेल्या त्या डबीविषयी लिहायचे राहिले. मिरजेच्या डॉक्टरांनी चेहऱ्याची एकूण लक्षणे पाहून त्यात तीव्र स्टेरॉइड असावे, असे मत दिले. डबी आम्ही फेकली होती, त्यामुळे तपासणी झाली नाही. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइड मलमे चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या व लव येते, आणि मलम बंद केले की आग होते म्हणून ते पुन्हा लावावे लागते. ही मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम कडक केले. तरीही ती गोरेपणाच्या नावाने पार्लरच्या डबीत भरून दिली जातात. अशी डबी मिळाली तर ती जपून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी.

सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की लग्नसराई पुरती सुरू होण्याआधी आपल्या हद्दीतील अशा केंद्रांची एकदा तरी पाहणी करावी. आम्ल, लेझर वा सुई कोण वापरतो, त्याची वैद्यकीय नोंदणी आहे का, नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावला आहे का, हे पाहायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून सौंदर्योपचार करण्याइतके प्रशिक्षण मिळत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे. त्याची अंमलबजावणी गावपातळीवर कोणी तरी करायला हवी. संमतिपत्र मराठीत असावे, आणि प्रत्येक बैठकीनंतर उपचाराचे नाव, औषधाचे प्रमाण किंवा यंत्राचा आकडा, वेळ आणि करणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी रुग्णाच्या हातात द्यावी, एवढी सक्ती झाली तरी निम्म्या तक्रारी आयोगात उभ्या राहू शकतील.

आपल्यालाही एक विनंती आहे, आणि ती मी आदराने करते. आपल्या पुरवण्यांत या केंद्रांच्या जाहिराती येतात. ‘सात दिवसांत डागमुक्त चेहरा’, ‘शंभर टक्के खात्री’ अशी वाक्ये असलेली जाहिरात स्वीकारण्यापूर्वी, उपचार करणाऱ्या डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक तीत छापण्याची अट आपण घालावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, हे जाहिरातदारांनाही कळवावे. माझ्या मुलीने त्या केंद्राचे नाव पहिल्यांदा वाचले ते एका छापील जाहिरातीत, आणि ‘पेपरात आलंय म्हणजे चांगलंच असणार’ हे तिचे शब्द होते.

आमच्या तक्रारीची, नोटिशीची आणि पुराव्यांच्या यादीची मराठी प्रत, नावे वगळून, मी तयार ठेवली आहे. कोणा भगिनीला ती हवी असल्यास तिने आपल्या कार्यालयाकडे चिठ्ठी द्यावी, मी प्रत पाठवीन. आणि आयोगाच्या कचेरीत पहिल्यांदा जाताना सोबत कोणी नसेल तर मी स्वतः येईन.

आपली विश्वासू,

एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली

(नाव व पत्ता सोबत दिला आहे, मुलीचा खासगीपणा लक्षात घेऊन तो प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)